हरकत नाही

"हरकत नसेल तर गप्प बसायचं, फ्रान्झी. आपल्या समितीत शांतता म्हणजेच होकार!" आमच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख गेर्लिंडबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इथे व्हिएन्नात, संयुक्त राष्ट्रांच्या या समितीत अंतराळाचे नियम ठरतात, पण मतदान नसतं. अध्यक्ष विचारतात, सभागृह गप्प राहतं, हातोडा पडतो... ठरलं!

मी ऑस्ट्रियाच्या शिष्टमंडळातली सगळ्यांत नवी वकील. एका दुपारी उपाहारगृहात माझ्या टेबलाशी कुणीतरी ताटली घेऊन थांबलं.

"इथे बसू का?"

मी सवयीने गप्प.

"बरं... निदान हे सफरचंदाचं स्ट्रूडल तरी बसू दे. मी राहतो उभा!"

मी वर पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, मिश्कील डोळे. इग्नासिओ, चिलीचा खगोलशास्त्रज्ञ. उपग्रहांच्या झगमगाटापासून रात्रीचं आकाश वाचवा, हे सांगायला आलेला.

"काळोखासाठी भांडणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय," मी म्हणाले.

"आणि मी इतकी कमी बोलणारी वकील!"

रोज संध्याकाळी आम्ही डॅन्यूबकाठी फिरू लागलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी लिंडनच्या फुलांचा वास दाटला होता. तो एकदम थांबला.

"फ्रान्झी... माझी होशील? जन्मभरासाठी?"

मी नुसती त्याच्याकडे पाहत राहिले. मनात हातोडा पडला—ठरलं!

तो "बरं" म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. लाजला असेल, असं वाटलं मला. घरी जाऊन मी मारियामातेपुढे मेणबत्तीसुद्धा लावली.

दुसऱ्या दिवशी तो नजरेला नजर देईना. संध्याकाळचं विमान, बॅग हातात. मी त्याला सभागृहाच्या दारातच गाठलं.

"मला न भेटताच निघालास?"

"नकार मिळाल्यावर थांबून काय करू?"

"नकार? कुणी दिला?"

"तूच! चकार शब्द काढला नाहीस."

"अरे वेड्या, हरकत घेतली का मी?"

तो इतक्या मोठ्याने हसला, की गेर्लिंडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे नियम तुमच्या सभागृहात! मला कानांनी ऐकायचंय."

"हो," मी म्हणाले. "हो रे... हो! आणि तुझं ते काळोखं आकाश बघायला ऑक्टोबरात येईन. नक्की."

ऑक्टोबरातल्या एका पहाटे, प्रार्थना आटोपून, मी जाड स्वेटर बॅगेत कोंबला. आई अजून झोपलेली होती. दार हळूच ओढून घेतलं आणि विमानतळाची गाडी धरायला निघाले.