एकोणीस मिनिटं उशिरा आलेली फाइल

टेप्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

टेप्या हा पळसटोला गावच्या लाकूड सहकारी संस्थेचा मोजणी-रोबो. झाडाच्या बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून तो त्याचा घेर सांगायचा आणि त्यातून किती घनफूट लाकूड निघेल (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ठोकळा म्हणजे एक घनफूट) तेही लगेच काढायचा. रोज सकाळी ई-मेलने आलेली बाजारभावाची फाइल वाचून दाखवणं हेही त्याचंच काम.

"सागवान, एक नंबर," टेप्या वाचू लागला. "घनफुटाला चार हजार आठशे साठ रुपये."

संस्थेच्या सचिव कुंदाताई मडावी भाव वहीत उतरवून घेत होत्या. त्यांचा हात थांबला. "पुन्हा वाच."

टेप्याने पुन्हा तोच आकडा वाचला. काल हाच भाव सहा हजार आठशे दहा होता.

कुंदाताईंची मुलगी चैती, वय वर्षं बारा, सुट्टी असल्यामुळे तिथेच बसली होती. आईचा चेहरा उतरलेला तिने पाहिला. त्याला कारणही होतं. गावामागच्या उजाड टेकडीवर साठ वर्षांपूर्वी लोकांनी सागाची रोपं लावली होती. त्यांतली तीनशे बारा झाडं आता तोडायला तयार झाली होती. ती विकून गावात दवाखाना बांधायचं ठरलं होतं, कारण सर्वांत जवळचा दवाखाना अडतीस किलोमीटरवर होता. आणि विक्रीचा करार आजच व्हायचा होता.

"आई, फाइल आज उशिरा का आली?" चैतीने विचारलं.

"येते कधी कधी उशिरा."

"टेप्या, येते का रे?"

"गेल्या एकशे त्र्याऐंशी दिवसांत फाइल सात ते सात वाजून दोन मिनिटांच्या आत आली आहे," टेप्या म्हणाला. "आज सात एकोणीस. कारण मला माहीत नाही."

साडेआठला 'हरितस्तंभ' कंपनीचे खरेदी-प्रतिनिधी अविनाश ढोक आले. माणूस बोलायला गोड. त्यांनी भाव ऐकला आणि हळहळ व्यक्त केली.

"बाजार पडलाय, ताई. पण मी आधी शब्द दिलाय ना? तुम्हाला आजच्या भावापेक्षा जास्तच देतो. पाच हजार दोनशे. फक्त बारापर्यंत सही व्हावी. उद्या आणखी पडला तर मलाही वर उत्तर द्यावं लागेल."

त्यांच्याबरोबर चैतीचा ऋषीमामा आला होता. मामा हसत हसत म्हणाला, "ताई, बाजारभावापेक्षा जास्त कोण देतं? सही करून मोकळी हो."

चैतीला ते हसणं आवडलं नाही. रोजची ती फाइल मामाच पाठवायचा. पूर्वी संस्था 'वनभाव केंद्रा'ची वर्गणीदार होती. हे केंद्र राज्यातल्या सगळ्या लाकूड-लिलावांचे भाव गोळा करून रोज सकाळी वर्गणीदारांना ई-मेलने फाइल पाठवायचं. सहा महिन्यांपूर्वी मामाने सभेत सांगितलं, की मोबाइलवरच्या एका 'वनमित्र' नावाच्या गटावर हीच फाइल फुकट मिळते. महिनाभर लोकांनी दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहिल्या. एका आकड्याचाही फरक नव्हता. मग संस्थेने वर्गणी बंद केली. तेव्हापासून फाइल गटावरून मामाकडे आणि मामाकडून टेप्याकडे येत होती.

म्हणजे फाइल मामाच्या हातून येते, चैतीच्या मनात आलं. एकोणीस मिनिटांत एक आकडा सहज बदलता येतो. आणि मामा ढोकांच्या गाडीतून उतरला होता.

हा विचार मनात येताच तिला स्वतःचीच लाज वाटली. मामानेच तिला पोहायला शिकवलं होतं. तरी विचार काही जाईना. ती कोणाला काही न सांगता उठली आणि आरागिरणीकडे निघाली.

आरागिरणीशेजारच्या खोलीत तिची आत्या राहायची. डॉ. अनुसया कुलसंगे यांनी तीस वर्षं नागपुरात संगणकशास्त्रात संशोधन केलं होतं. निवृत्तीनंतर त्या गावी परतल्या आणि आता गावातली बिघडलेली यंत्रं दुरुस्त करत. चैतीने त्यांना सगळं सांगितलं, मामाचं सोडून.

"भाव पडू शकतो," आत्या म्हणाल्या. "पण फाइल वाटेत कोणी बदलली का, एवढंच शोधायचं असेल तर त्याला उपाय आहे. प्रत्येक फाइलीला ठसा असतो."

"अंगठ्यासारखा?"

"तसाच. पण तो गणिताने काढतात." आत्यांनी एक फळी ओढली आणि खडूने लिहिलं: ४८६०. "यातल्या अंकांची बेरीज कर."

"अठरा."

"समज, मी तुला आकडा पाठवला आणि वेगळ्या वाटेने कळवलं, की बेरीज अठरा यायला हवी. वाटेत कोणी ४८६० चं ४९६० केलं तर?"

"एकोणीस येईल. चोरी पकडली जाईल."

"आणि ४६८० केलं तर?"

चैतीने बोटांवर मोजलं. पुन्हा अठराच. "मग नाही पकडली जाणार."

"म्हणून अंकाबरोबर त्याची जागाही मोजू. पहिल्या अंकाला एकने गुण, दुसऱ्याला दोनने, तिसऱ्याला तीनने, चौथ्याला चारने. मग बेरीज कर."

चैतीने फळीवर मांडलं. चार, सोळा, अठरा, शून्य. अडतीस. मग ४६८० घेतला. चार, बारा, चोवीस, शून्य. चाळीस. "आता पकडली," ती म्हणाली. पण खडू तिने खाली ठेवला नाही. थोडी खाडाखोड करून तिने लिहिलं: २९६०. "आत्या, याचेही अडतीसच येतात. चोर हुशार असला तर असा आकडा शोधेल."

आत्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "शोधेलच. म्हणून खरा ठसा यापेक्षा फार गुंतागुंतीचा असतो. त्याला हॅश म्हणतात (फाइलमधली सगळी अक्षरं आणि अंक पुन्हा पुन्हा घुसळून काढलेली एक ठरावीक लांबीची खूण). फाइल दोन ओळींची असो की दोन हजार पानांची, खूण चौसष्ट चिन्हांचीच. एकच फाइल जगातल्या कुठल्याही यंत्रावर तपास, ठसा तोच येणार. पण एक अंक बदलला की सगळा ठसा बदलतो. तोच ठसा देणारी दुसरी फाइल बनवायची म्हटली, तर आजच्या सगळ्या यंत्रांना सूर्य विझेपर्यंत बसावं लागेल."

"पण खरा ठसा कोणता ते आपल्याला कसं कळणार? आपण तर वर्गणीदार नाही."

"केंद्र तो सगळ्यांना फुकट दाखवतं. बस थांब्यावरच्या सरकारी फलकावर रोज सकाळी असतो. तुम्ही कोणी वाचत नाही."

"मग लोक त्या ठशावरून भाव काढणार नाहीत?"

आत्यांनी गिरणीच्या पट्ट्याखालचा मूठभर भुसा उचलून तिच्या हातावर ठेवला. "यावरून ओंडका केवढा होता, त्याला गाठी किती होत्या, सांग बरं."

चैती हसली. "नाही सांगता येणार."

"ठशाचंही तसंच. फाइलीवरून ठसा निघतो, ठशावरून फाइल निघत नाही."

चैती वही घेऊन बस थांब्याकडे पळाली. फलकाच्या कोपऱ्यात गेल्या सात दिवसांचे ठसे होते, प्रत्येकी आठ ओळी, ओळीत आठ चिन्हं. तिने सातही उतरवून घेतले आणि एकेक चिन्ह बोट ठेवून पुन्हा तपासलं. ती परतली तोवर दहा वाजत आले होते.

आत्यांनी टेप्याला गिरणीवर बोलावून घेतलं होतं. त्याने साठवलेल्या फाइलींचे ठसे काढायला सुरुवात केली. मागच्या बुधवारचा ठसा जुळला. गुरुवारचा जुळला. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, सगळे तंतोतंत.

"आजचा," आत्या म्हणाल्या.

टेप्याने पहिली ओळ वाचली आणि चैतीचं बोट वहीवर थांबलं. पहिलंच चिन्ह वेगळं होतं. सगळ्या आठ ओळी वेगळ्या होत्या.

"टेप्याच खोटं बोलत असला तर?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"शंका योग्य आहे," टेप्याच म्हणाला. "दुसऱ्या यंत्रावर तपासा."

त्यांनी फाइल शाळेच्या संगणकावर नेली. तिथेही टेप्याने सांगितलेलाच ठसा आला.

"सहा दिवस खरी आणि सातव्या दिवशी खोटी," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहा दिवस कशाला, सहा महिने खरी. तुमचा विश्वास बसावा म्हणून."

"कोणी केलं हे?"

"ठसा ते सांगत नाही. काय बदललं तेही सांगत नाही. बदललंय, एवढंच सांगतो."

संस्थेच्या कार्यालयात करार टेबलावर होता आणि कुंदाताईंच्या हातात पेन होतं. साडेअकरा झाले होते. आत्यांनी सगळ्यांसमोर झालेला प्रकार सांगितला. ढोक शांतपणे म्हणाले, "तांत्रिक गडबड असेल. त्यासाठी एवढा सौदा थांबवणार?"

"बारापर्यंत वेळ आहे ना?" कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी पेन ठेवलं, संस्थेच्या खात्यातून वनभाव केंद्राची एका महिन्याची वर्गणी भरली आणि आजची फाइल मागवली. चार मिनिटांत ई-मेल आली. आत्यांनी आधी ठसा काढायला लावला. चैती फलकावरून उतरवलेली चिन्हं वाचत गेली आणि टेप्या प्रत्येकाला "बरोबर" म्हणत गेला. चौसष्ट वेळा.

"आता वाच," कुंदाताई म्हणाल्या.

"सागवान, एक नंबर. घनफुटाला सहा हजार आठशे पस्तीस."

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा ऋषीमामाकडे वळल्या. मामाचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, मी फक्त पुढे पाठवली. उघडलीसुद्धा नाही."

"तू यांच्या गाडीतून का आलास?" चैतीच्या तोंडून निघून गेलं.

"वाटेत भेटले, बस म्हणाले, बसलो." मामाने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे सकाळपासून तुला वाटतंय, की मी केलं?"

चैतीने मान खाली घातली. तिला रडू येत होतं. पण त्याच वेळी तिच्या डोक्यात फळीवरचे आकडे फिरत होते. तिने मान वर केली.

"मामा, तुझा फोन दे. तुला गटावरून आलेली मूळ फाइल अजून आहे?"

मामाने फोन पुढे केला. फाइल त्याच्याकडे सात वाजून अठरा मिनिटांनी आली होती. टेप्याने त्या फाइलीचा ठसा काढला. टेप्याला सात एकोणीसला मिळालेल्या फाइलीचा जो ठसा होता, तोच चिन्हाला चिन्ह जुळून आला.

"म्हणजे मामाने एक टिंबही बदललं नाही," चैती म्हणाली. "फाइल मामाकडे आली तेव्हाच ती बदललेली होती. ती गटावरच बदलली."

ऋषीमामा खुर्चीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

कुंदाताईंनी ढोकांकडे पाहिलं. "ढोकसाहेब, सकाळी तुम्ही भाव ऐकून हळहळलात. तुमच्या कंपनीकडे केंद्राची वर्गणी असेलच. तुमच्या फाइलीत आज काय भाव होता?"

ढोकांनी कागद गोळा केले. "मला वर विचारावं लागेल," एवढंच म्हणून ते निघून गेले.

कुंदाताई लगेच फोनला बसल्या. त्याच गटावरून फाइल घेणारी आणखी चार गावं होती. एका गावाने सकाळीच सही केली होती. करवती पोचल्या होत्या, पण पहिलं झाड अजून उभं होतं. तोडलेलं झाड पुन्हा उभं करता येत नाही, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी काम थांबवलं. पाचही गावांनी मिळून तक्रार केली. पुढे महिनाभराच्या चौकशीत निघालं, की 'वनमित्र' गट हरितस्तंभच्याच लोकांनी चालवला होता. त्या गावाचा करार रद्द झाला. पळसटोल्याचा साग खुल्या लिलावात गेला आणि दवाखान्याचा पाया खणायला सुरुवात झाली.

त्या दिवशी दुपारी चैती मामाजवळ जाऊन बसली. "मी तुझ्यावर संशय घेतला," ती म्हणाली.

"घेतलास," मामा म्हणाला. "वाईट वाटलं मला. पण तपासून पाहिलंस म्हणून सुटलो. नाहीतर गावाने जन्मभर माझ्याकडे तसंच पाहिलं असतं." मग तो म्हणाला, "फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण देतंय आणि का देतंय, हे मीच विचारायला हवं होतं."

आत्या तिथेच टेप्याचा सांधा घट्ट करत होत्या. चैती त्यांच्याकडे वळली.

"आत्या, उद्या कोणी फलकावरचाच ठसा बदलला तर? खोटी फाइल आणि तिचाच ठसा, दोन्ही लावले तर?"

आत्यांनी पाना खाली ठेवला. "हाच प्रश्न विचारून माझ्या गुरूंनी मला महिनाभर झोपू दिलं नव्हतं. त्याचं उत्तर आहे डिजिटल सही (फक्त पाठवणाराच करू शकेल, पण कोणालाही तपासता येईल अशी खूण). त्यासाठी किल्ल्यांची एक जोडी लागते. एक किल्ली लपवून ठेवायची आणि दुसरी सगळ्या जगाला वाटून टाकायची."

"वाटून टाकायची?" चैतीने वही उघडली.

ऋषीमामाही खुर्ची ओढून जवळ सरकला. "थांबा जरा," तो म्हणाला. "किल्ली जगाला वाटली, तर कुलूप कशाला लावायचं? हे आधी मला सांगा."