सैल पडलेली तार

"कुणी नाही, चल," म्हणत खार कुंपणाच्या फटीतून आत शिरली. चपळ म्हणून त्या मुलीला सगळे खारच म्हणत. मागोमाग तिचा मावसभाऊ, चष्म्यामुळे 'प्रोफेसर' झालेला, चष्मा सावरत.

टेकडीवर पूर्वी फौजेचं बिनतारी केंद्र होतं. फौज गेली, उरली ती काँक्रीटची जमीन, रिकाम्या खोल्या आणि उंच टॉवर. चार बाजूंच्या पोलादी तारा त्याला ताठ धरत. त्यांची देखभाल खारचे बाबा करायचे. महिन्यापूर्वी एक तार अचानक सैल पडली, टॉवर हिंदकळला आणि कामासाठी वर चढलेला काका, बाबांचा धाकटा भाऊ, खाली कोसळला. आता तो कधीच चालणार नव्हता. "भावानेच तार कसली नाही," असं ठरलं. बाबांनाही ते पटलं होतं. "माझ्याच हातून राहिलं असेल," एवढंच ते बोलत आणि ताटावरून तसेच उठत.

"तार कसायचा पेच तर घट्ट आवळलेला दिसतोय," प्रोफेसर म्हणाला.

खार खाली वाकली. तार ज्या ठोकळ्यात रोवली होती, तो टॉवरच्या दिशेने कलंडला होता. पुढ्यातली माती भुसभुशीत, गवताचं पातंसुद्धा नाही.

"इथे कुणीतरी चर खणलाय. ठोकळा त्यातच सरकला."

"नवी केबल टाकणाऱ्यांनी! पण त्यांचा मुकादम तर म्हणतो, चर पार पलीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी अपघाताच्या चौकशीला इंजिनियरबाई केंद्रावर आल्या. खारने त्यांना सगळं सांगितलं.

"मुकादम कबूल करणार नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही फक्त या खोलीत खिडकीआड थांबा," प्रोफेसर म्हणाला.

दोघं फावडं घेऊन बाहेर उभ्या मुकादमाकडे गेली. "मुकादमकाका, आम्हाला भुयार खणायचंय. पण जिकडेतिकडे काँक्रीट!"

"मग ठोकळ्यापुढे खणा की," तो हसला. "काँक्रीट फोडून आमचे हात सोलले, म्हणून शेवटी चर तिथूनच काढला. लोण्यासारखी माती."

बाई खोलीतून बाहेर आल्या. मुकादमाचा चेहरा खर्रकन उतरला.

संध्याकाळी बाईंनी घरी येऊन बाबांना अहवाल वाचून दाखवला. "मोठ्यांच्या नजरेतून सुटलं, ते या पोरांनी पाहिलं," त्या मुलांची पाठ थोपटत म्हणाल्या. बाबा उठले. पायात चपला सरकवून ते थेट काकाकडे गेले. महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी तो उंबरा ओलांडला. मुलंही मागोमाग आली.

"माझी चूक नव्हती रे."

"मी कधी म्हटलं, होती म्हणून?" काका म्हणाला. "रोज तुझी वाट बघतोय, दादा."

त्याने उठायला हात टेकले. चादरीखाली काहीच हललं नाही. बाबांनी त्याला पाठीमागून धरून बसवलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

खरं कळलं की सगळं पूर्वीसारखं होईल, असं खारला वाटलं होतं. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. प्रोफेसरही शेजारी बसला. आत बाबा रडत होते.