आठचा दाब

माझं काम माणसाला झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं. बारामतीत चार दिवस, इंदापुरात दोन. वीस वर्षं भूल देते आहे, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते.

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना आत जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतात. त्याचा दाब साधारण बारा-चौदा. दोन्हीकडचे आमचे सर्जन दिग्विजय यांनी ठरवलं, बंद लिफाफ्यातली चिठ्ठी काढून निम्म्या पेशंटना आठवरच ठेवायचं आणि कोण लवकर बरं होतं ते लिहून काढायचं. मागे राहिलेला थोडा गॅस उजव्या खांद्यात कळ आणतो, दोन दिवसांत ती जाते. त्यासाठी माणसाचं चित्र छापलेले कागद केले. दुखेल तिथं खूण करायची, रोज एक कागद.

कन्हेरीच्या कौसल्याबाई आठच्या गटात होत्या. ऑपरेशन पस्तीस मिनिटांत, अगदी स्वच्छ. संध्याकाळी फरजाना सिस्टरनं कागद पुढं केला, तर बाई म्हणाल्या, "शाई कुठं हाय?" जन्मभर कारखान्याच्या नि सोसायटीच्या कागदांवर अंगठाच उठवलेला. फरजानानं स्टॅम्प पॅड दिला. चित्राच्या उजव्या खांद्यावर ठसठशीत अंगठा उमटला. आम्ही हसलो, त्याही हसल्या.

तिसऱ्या दिवशी घरी सोडायचं होतं, पण खांदा काही सुटेना.

"फार दुखतंय का?"

"दुखत न्हाय ओ. कुणीतरी धरलंय."

बाहेर आल्यावर फरजानानं तीन दिवसांचे कागद माझ्यापुढं ठेवले. पहिल्यावर खांद्यावर अंगठा. दुसऱ्यावर तो मानेकडे बोटभर सरकलेला. तिसऱ्यावर आणखी बोटभर. मग तिनं दुसरा कागद उलटा केला. अंगठ्याच्या बरोबर मागे चार बोटांचे ठसे होते. तिसऱ्याच्या मागेही चार.

"मी फक्त अंगठा घेतला, म्याडम. अल्ला कसम."

"शाई झिरपली असेल," मी म्हणाले.

झिरपलेल्या शाईत बोटांच्या रेघा उठत नाहीत, हे मलाही कळत होतं. कौसल्याबाईंची बोटं खुरप्यानं घट्टे पडलेली, आखूड. कागदावरची लांब होती. मी पट्टी लावून मोजली, आणि मोजल्याचा पश्चात्ताप झाला.

एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली. पोटात गॅस नाही, छाती साफ, रक्त ठीक. तरी ऑक्सिजन अठ्ठ्याण्णववरून एक्क्याण्णवला आला. मास्क लावला.

"म्याडम, तेवढा गॅस काढा की," त्यांचा मुलगा युवराज हात जोडून म्हणाला.

"गॅस उरलेलाच नाही, युवराज."

"मंग आईला काय झालंय?"

मी त्याला सगळे आकडे पुन्हा वाचून दाखवले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगठा चित्राच्या गळ्यावर उठवला. मी कागद फाडून टाकला. पुण्याला न्यायचं ठरलं, दिग्विजय अँब्युलन्ससाठी फोनवर फोन करत होते.

दुपारी ऑक्सिजन ब्याऐंशी.

मी श्वासनळीत नळी घालायची तयारी केली. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या जरा मागे, वर बघत होत्या.

मी मागे वळले. तिथं पांढरी भिंत होती.

कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी भिंतीला म्हणाले, "सोड तिला."

चौऱ्याऐंशी. नव्वद. सत्त्याण्णव.

बाईंनी लांब श्वास घेतला. युवराज दारातच खाली बसून लहान पोरासारखा रडला.

दोन दिवसांनी घरी जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला. "तुमी सोड म्हणला, म्हणून सोडलं त्येनं. पर त्येनं इचारलं, मंग कुणाला धरू? तुमास्नी ऐकू आलं न्हाय जणू."

"मग?"

"मी म्हणलं, त्या म्याडमलाच इचार."

अंगात ऑक्सिजन कमी झाला की भास होतात. मी त्यांना तसं सांगितलं. युवराजला सांगितलं. जेवताना फरजानालाही पुन्हा सांगितलं.

मंगळवारी इंदापूरला राजनंदिनी नावाच्या एक शिक्षिका टेबलावर होत्या. वय अठ्ठावीस, पित्ताशयात खडे, बाकी तब्येत ठणठणीत. लिफाफ्यात चिठ्ठी निघाली आठची. मी त्यांना झोपवलं. नळी घातली, नाडी पाहिली.

सगळं जागेवर आलं की सर्जन मागून विचारतात आणि मी मॉनिटरवरची नजर न हलवता हो म्हणते. वीस वर्षांत त्यासाठी कधी मान वळवलेली नाही.

"करू सुरू?"

"करा," मी म्हणाले.

दार ढकलून दिग्विजय आत आले. ओले हात वर धरलेले.

"उशीर झाला, सॉरी," ते म्हणाले. "तुमची तयारी झाली का?"