सुकदेवचा उजवा हात

अरविंद सर सिल्वासातल्या शाळेत अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवत. विषय घेणारी मुलं जेमतेम नऊ, आणि त्यांना मराठीतून धड पुस्तक मिळेना. म्हणून १९८९ च्या दिवाळीनंतर सरांनी स्वतःच परिभाषेची कार्डं लिहायला घेतली. एका कार्डावर एक संज्ञा, तिची व्याख्या आणि खाली आसपासचं एखादं खरं उदाहरण. परदेशी उदाहरणं त्यांना पचत नसत. त्यांची पाच महिन्यांची मुलगी पूजा त्याच वर्षी मार्चमध्ये तापाने गेली होती. तेव्हापासून त्यांची बायको रजनी फारशी बोलत नसे आणि सर कार्डं लिहीत.

'आभासी अवयव'पाशी गाडी अडली. तेव्हा शाळेच्या शिपायाने आमली वस्तीतल्या सुकदेवचं नाव सांगितलं. शिरपूरकडचा हा माणूस खडोलीच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर होता. पावसाळ्यात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता.

पहिल्या रविवारी सुकदेव खाटेवर बसून शांतपणे बोलला. नसलेला तळवा खाजतो, पहाटे गार पडतो, मातीत ठेवल्यागत. सर खूश झाले. हात गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा शाबूत राहतो, असं त्यांनी समजावलं. सुकदेवने मान डोलावली. त्याच्या बायकोने, मंजुळाबाईने, चहा दिला.

दुसऱ्या रविवारी तो जागरणाने सुकलेला दिसला.

"कोनीतरी बोट धरू राहिलं, सर. करंगळी."

सरांनी 'स्पर्शविभ्रम' असं लिहून खाली रेघ मारली. रेघ चांगली सरळ आली.

तिसऱ्या रविवारी खाटेखाली कुदळ होती. मंजुळाबाईने ठरवलं होतं, हात उकरून जाळून टाकायचा. जाळला नाही म्हणून तो छळतो, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि कंपनीने देऊ केलेली वॉचमनची नोकरी त्याच्याने होणार नव्हती. हात पुरला कुठे, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, दवाखान्याने फडक्यात गुंडाळून हातात दिला, परमुलखात कुठं न्यायचा? एकट्या हाताला कोणी चिता रचत नाही. मग नदीकाठी, तान्ह्या लेकरांना पुरतात तिथेच करंजाखाली जागा दाखवली कोणीतरी.

तो करंज सरांना ठाऊक होता.

तरी ते सावकाश म्हणाले, की उकरल्याने मनाला बरं वाटणार असेल तर खुशाल उकरा. शास्त्राची त्याला हरकत नाही.

"मला बी सुटायचंच हाये," सुकदेव म्हणाला. "पन ते सोडत नाही. चिमुकला हात हाये, सर. मनगटाला मणी. चाचपून मोजले मी. अकरा. एक फुटका."

रजनीने अकराच ओवले होते, काळे. त्यातला एक पाळण्याच्या कडीत सापडून फुटला होता. पूजाला पुरायला नेताना मनगटी काढू नका, एवढंच ती म्हणाली होती, आणि सरांनी ती काढली नव्हती. हे दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

"काढू नका," सर म्हणाले.

"काय?"

"हात. पाया पडतो तुमच्या. तिथंच राहू द्या."

सुकदेवने खाटेखालची कुदळ पायाने बाहेर सरकवली. मग तो बरं म्हणाला. मंजुळाबाईने कुदळ शेजारणीकडे परत पाठवली.

सरांना स्वतःची लाज वाटली, पण शब्द मागे घेववला नाही. पुढच्या रविवारी ते रजनीला घेऊन गेले. मग दर रविवारी दोघं जात. रजनी नुसतं विचारायची, धरलंय ना? सुकदेव हो म्हणायचा. त्याला शिरपूरला परत जायचं होतं, तो गेला नाही. कार्डावर उदाहरणाची जागा कोरीच राहिली.

१९९२ च्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी, रजनीने विचारायच्या आधीच सुकदेव बोलला.

"बाई, मणी रुतू राहिले तिला. दोरा तंग झाला."

आणि डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून त्याने मनगटाचं माप दाखवलं. साडेतीन वर्षांच्या मुलीचं असतं, तेवढं.