वैद्यबुवांची जीभ

"मॅडम, आदमी मिल गया हमारे को," इन्स्पेक्टर यादगिरी फोनवर म्हणाले. "वही दौलत. दवाकी गोळी उसके हातकी. आपका रिपोर्ट होना बस, शामतक अंदर."

रेणुका सोनकांबळेनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. सरकारी प्रयोगशाळेत औषधं तपासण्यात तिची अकरा वर्षं गेली होती, आणि घाईत असलेल्या पोलिसाला 'थांबा' म्हणण्यातही जवळजवळ तेवढीच.

"रिपोर्ट मी काचीगुड्याला, वैद्यांच्या दवाखान्यातच घेऊन येते. तोवर त्याला हात लावू नका," ती म्हणाली.

तिच्यासमोर दोन काचपट्ट्या होत्या. दोन्हींवर वैद्य मुकुंदराव परांडेकरांच्या तापाच्या गोळीची पूड होती. त्या गोळीत बचनाग असतो. बचनाग म्हणजे शुद्ध जहर. म्हणून वैद्य लोक त्याची मुळी तीन दिवस गाईच्या दुधात शिजवतात आणि मगच वापरतात. शिजलेली मुळी आणि कच्ची मुळी यांतला फरक काचेखाली लपत नाही. उकडलेल्या बटाट्यातलं पीठ फुगून फुटलेलं असतं, कच्च्यातलं अखंड असतं, तसंच.

दवाखान्याच्या वहीवरून पोलिसांनी तीस रुग्णांकडच्या पुड्या परत आणल्या होत्या. तीसच्या तीस शिजलेल्या निघाल्या. मुकुंदरावांच्या पत्नी कमलबाई मंगळवारी हीच गोळी घेतल्यावर गेल्या. त्यांच्या उशाशी सापडलेल्या दोन गोळ्या मात्र कच्च्या होत्या.

यादगिरींचं गणित सरळ होतं. सगळा माल चांगला आणि फक्त कमलबाईंच्या गोळ्या विषारी, म्हणजे कोणीतरी मुद्दाम वेगळ्या वळल्या. घरात गोळ्या वळणारा एकच, जुना नोकर दौलत. पंधरा दिवसांपूर्वी कमलबाईंनी चार रुग्णांदेखत त्याची खरडपट्टी काढली होती.

दवाखान्याच्या पायरीवर दौलत शिपायाशेजारी बसला होता. वय साठीचं. तीस वर्षं दुधाच्या वाफेत उभं राहून त्याचे डोळे कायमचे लाल झालेले.

"मुळ्या किती मिळाल्या होत्या?" रेणुकेनं विचारलं.

"एक किलो, बाई. धाकल्या मालकांनी, संदीपभाऊंनी बेगम बाजारातून आणल्या. शिजवल्या, वाळवल्या, कुटल्या. आबासाहेबांना, म्हंजे वैद्यबुवांना, पूड चाखायला दिली, मग गोळ्या वळल्या."

"कच्च्या मुळ्या कोणाकडे असतात?"

"कपाटात. किल्ली भाऊंकडं."

"कमलबाई काय बोलल्या होत्या?"

"दूध उतू गेलं म्हणून बोलल्या. हौ, लई बोलल्या. दुपारी त्यांनीच ताट वाढलं की मला. त्यांच्या हातचं तीस वर्षं खाल्लं, बाई. मी कायकू मारीन त्यांना?"

रेणुकेला त्याची दया आली. पण दयेचा रिपोर्ट लिहिता येत नाही, म्हणून ती आत गेली.

मुकुंदराव आरामखुर्चीत बसले होते. तीन दिवसांत माणूस अर्धा झाला होता. शेजारी त्यांचा मुलगा संदीप उभा. त्यानं तिला नीट न्याहाळलं.

"तुम्ही नांदेडकडच्या ना, मॅडम? दौलतही तिकडचाच."

"हो. गाव नांदेडकडचं आहे, रिपोर्ट हैदराबादचा आहे," रेणुका म्हणाली. असले टोमणे तिला नवे नव्हते.

चहा आला. संदीपनं वडिलांचा चहा स्वतः बशीत ओतला, फुंकला, करंगळी बुडवून पाहिली आणि मगच बशी त्यांच्या हाती दिली. आईच्या माघारी मुलगा बापाचं एवढं करतो हे पाहून यादगिरींना भरून आलं.

"पूड तुम्ही स्वतः चाखता?" रेणुकेनं विचारलं.

"चाळीस वर्षं," मुकुंदराव म्हणाले. "कणभर जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. मुळी कच्ची असेल तर जिभेला मुंग्या येतात. आल्या की सगळी पूड मातीत."

"या खेपेला?"

"नाही आल्या. दोन्ही वेळा नाही."

"दोन्ही वेळा?"

"एकदा दौलतनं आणली, चार दिवसांनी संदीपनं."

"तीच पूड होती, आबा," संदीप पटकन म्हणाला. "खात्रीसाठी पुन्हा दाखवली."

"कमलबाईंना गोळ्या कोणी दिल्या?"

मुकुंदरावांनी डोळे पुसले. "मंगळवारी दवाखाना बंद असतो. तिला ताप चढला होता. म्हणाली, घरात आहेत, घेते मी."

"घरात कशा येतील?" संदीप म्हणाला. "दौलतनंच आणून दिल्या असणार."

"देखो मॅडम," यादगिरी मध्ये पडले. "वैद्यसाबने चखा तब पूड अच्छी थी. मतलब जहर बाद में पडा. बाद में हात किसका? दौलतका."

"हो. ही जीभ खरी असेल, तर दौलत गुन्हेगार आहे," रेणुका म्हणाली.

ती उठली आणि फळीवरच्या बरण्यांपाशी गेली. एका बरणीतून तिनं काडी काढून तिचे दोन तुकडे केले. एक यादगिरींना दिला. त्यांनी तो चघळला आणि उडीच मारली.

"अरे बाप रे! जीभ झनझना री मेरी!"

"जहर नाही, इन्स्पेक्टर. थुंकून टाका." दुसरा तुकडा तिनं मुकुंदरावांपुढे धरला. "डोळे मिटा आणि ओळखा."

त्यांनी चघळलं. बराच वेळ चघळलं. कपाळावर घाम आला.

"ज्येष्ठमध," ते म्हणाले.

"अक्कलकारा आहे, वैद्यबुवा. दाढदुखीवाल्या पोरालाही ओळखू येतो."

म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "दोन वर्षं झाली. हलका झटका येऊन गेला आणि जीभ मेली. ऊन कळत नाही, तिखट कळत नाही. कोणाला सांगायची लाज वाटली. रुग्ण या जिभेच्या भरवशावर येत होते हो!"

"एकाला ठाऊक होतं," रेणुका संदीपकडे वळली. "तुम्ही चहा निववून देता, कारण त्यांचं तोंड भाजलेलं त्यांना कळत नाही. घरात तुम्हाला एकट्याला माहीत होतं की आबा काहीही पास करतील."

संदीप हसला. "बापाचा चहा निववला म्हणून मी खुनी?"

"खून करायचा नव्हताच तुम्हाला. सध्या तापाची साथ आहे, मागणी वाढली. दौलतला दिली तेवढी मुळी पुरेना, आणि आणखी शिजवायला तीन दिवस कुठले? तुम्ही कच्चीच कुटली आणि गोळ्या स्वतः वळल्या. ती दुसरी पूड. ती आबांच्या जिभेवर ठेवली, कारण विकताना 'वैद्यबुवांनी चाखलेली' असं सांगता आलं पाहिजे. तीच पूड दोनदा दाखवली म्हणता? मग सगळ्या गोळ्या सारख्या निघायला हव्या होत्या. तीस पुड्या शिजलेल्या आहेत आणि आईच्या उशाशी कच्च्या. म्हणजे पूड दोन प्रकारची होती. दुसरीच्या गोळ्या दवाखान्याच्या वहीत नाहीत, तुमच्या खोलीत होत्या. दवाखान्याला कुलूप होतं, आईनं घरातल्याच घेतल्या. नवऱ्यानं चाखलेलं औषध आहे, तिनं का भ्यावं?"

"मला नव्हतं माहीत ती माझ्या खोलीतून..." संदीप बोलला आणि जीभ चावून थांबला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुकुंदरावांनी मुलाकडे पाहिलंच नाही. "आणि तू दौलतला फासावर जाऊ देत होतास," ते म्हणाले. "मीही देत होतो. माझ्या जिभेची अब्रू राहावी म्हणून."

दौलत दारात येऊन उभा होता. शिपायानं त्याला सोडलं होतं. रेणुकेनं त्याच्याकडे न बघता संदीपला विचारलं, "बाकीच्या गोळ्या कुठं आहेत?"

"वकिलाशिवाय मी एक शब्द बोलणार नाही."

"अरे, लोक घेत असतील त्या! आत्ता, या घटकेला!"

यादगिरींनी संदीपची कॉलर धरली. तेवढ्यात दौलत म्हणाला, "मला ठाऊक हाय, बाई."

सगळे वळले.

"सोमवारी खोकं घेऊन मीच गेलतो. सिकंदराबादला, स्टेशनजवळच्या दुकानात. भाऊ म्हणाले, आपल्याच गोळ्या हायेत." त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले. "दुकानदारानं माझ्यासमोरच विकायला काढल्या. एक म्हातारा होता, तापानं फणफणलेला. घेऊ का नको करत होता."

"मग?"

"मी म्हटलं, बिनघोर घ्या बाबा. मी स्वतः शिजवल्यात."