तिसऱ्या हाकेला ओ

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. ज्याच्यावर बेतलं तो निरंजन आजही पुण्यात नोकरी करतो. त्याची बायको साधना आणि सहा वर्षांची आरोही, दोघी सुखरूप आहेत.

पण त्यांच्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. गाव नांदे, तालुका मुळशी.

निरंजन मूळचा उदगीरचा. हिंजवडीला कामाला, म्हणून नांद्यात हैबतरावांच्या खोल्यांत भाड्यानं राहायचा. हैबतरावांनी पुढचं रान बिल्डरला दिलं होतं, मागचं भातखाचर तेवढं उरलं होतं. त्याच्यापलीकडे ना घर, ना वस्ती.

राहायला आले त्याच दिवशी हैबतरावांच्या बायकोनं, साळूबाईंनी, साधनाला बजावलं होतं.

"दिवेलागणीला बाहेरनं नावानं हाक आली, तर लगीच ओ द्यायची न्हाई. तिसऱ्या हाकेला द्यायची. त्याला दोनच हाका मारता येत्यात."

'त्याला' म्हणजे कुणाला, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

साधनानं ते मनावर घेतलं. हाक आली की एकेक बोट उघडायचं, तीन झाली की ओ द्यायची, असं तिनं आरोहीला शिकवलं. निरंजन मात्र पोट धरून हसला. म्हणाला, काकू, ह्याच कामाचा मला कंपनी पगार देते.

तेही खोटं नव्हतं. नको असलेले मेल ओळखून अडवायला तो कॉम्प्युटरच्या फिल्टरला शिकवायचा. हा कचरा, हा कामाचा, असं दाखवत जायचं, की फिल्टर हळूहळू स्वतःच ओळखायला लागतो. नव्या पोरांना तो पहिला नियम सांगायचा तो हा, की कचऱ्याला कधी उत्तर द्यायचं नाही. उत्तर गेलं की इथं कुणीतरी राहतं हे समोरच्याला कळतं.

त्या आठवड्यात रस्त्यावर पाणी होतं म्हणून तो घरूनच काम करत होता. दुपारी फिल्टर तपासायला ठेवलेल्या मेलबॉक्समध्ये एक मेल आला.

पाठवणाऱ्याचं नाव नाही. विषय नाही. आत एकच शब्द...

आरोही.

ऑफिसातल्या मनीषचा चावटपणा असणार, असं म्हणून त्यानं तो कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा...

आरू.

ह्या वेळी त्यानं तो कचऱ्यात टाकला नाही. ह्या नावानं फक्त साधना बोलवायची, तेही घरात. मनीषला फोन केला, तर त्यानं आईची शपथ घेतली.

मग लोकांना नियम शिकवणाऱ्या ह्या शहाण्यानं स्वतःच उत्तर पाठवलं. कोण आहे?

लगेच आलं...

आरू. आरू.

दोनदाच.

काही माणसं घाबरली की जास्त थट्टा करतात, निरंजन त्यातला. साळूबाईंची रीतच त्यानं फिल्टरला शिकवायला घेतली. नाव एकदा किंवा दोनदा असलेले नमुने बनवले आणि कचरा म्हणून दाखवले. पण नुसता कचरा दाखवून भागत नाही, चांगलं काय तेही दाखवावं लागतं. म्हणून तीनदा नाव असलेले नमुने बनवून ते कामाचे म्हणून दाखवले.

त्यानंतर दिवसभर एकही मेल आला नाही. कशी जिरवली, म्हणून स्वारी खूश होती.

कचरा पाठवणाराही शिकत असतो, काय अडतं आणि काय आत जातं ते बघत असतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तेव्हा ते त्याच्या डोक्यात आलं नाही.

दिवे लागायची वेळ झाली. पाऊस थांबला होता. आरोही मागच्या दारात चित्र काढत बसली होती.

खाचरातले बेडूक एकदम गप्प झाले...

कॉम्प्युटर वाजला. मेल ह्या वेळी कचऱ्यात गेला नव्हता.

आरू. आरू. आरू.

आणि खाचराकडून साधनाची हाक आली. "आरू..."

आरोहीनं एक बोट उघडलं.

"आरू..."

दुसरं बोट. त्याला दोनच येतात, दोनच येतात, असं निरंजन स्वतःला सांगत राहिला.

सगळं शांत झालं...

"आरू."

तिसरं बोट उघडलं. "ओ," म्हणत पोरगी उंबऱ्याबाहेर पळाली.

निरंजननं तिला बांधावर गाठलं. तिचा एक पाय चिखलात होता. हात पुढे केलेला होता, कुणी धरावा म्हणून. तिला उचलून तो मागं वळला, तर साधना दारात उभी होती. तिचे हात कणकेनं भरलेले होते.

"मी नाही मारली हाक," ती म्हणाली.

सकाळी त्यानं साळूबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खाचराकडे बघत म्हणाल्या,

"तुमी जाल पुण्याला. आमाला हितंच ऱ्हायचंय. आमी आता कितव्या हाकेला ओ द्यायची?"

त्याच आठवड्यात निरंजन-साधनानं खोली सोडली. त्यानं फिल्टरचं ते काम सोडलं, नमुने पुसून टाकले. ज्यानं ते शिकून घेतलं होतं, त्याचं काय पुसणार?

आता ते शहरात नवव्या मजल्यावर राहतात. कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही, असं त्यानं आरोहीला सांगून ठेवलंय.

परवा तो संध्याकाळी घरी आला, तर ती जमिनीवर बसून बोटं उघडत होती. एका हाताची झाली होती, दुसऱ्याची चालली होती. काय मोजतेस, त्यानं विचारलं.

"आई खालून कधीची हाका मारतीये, बाबा. तू ओ देऊ नको म्हणालास ना, म्हणून मी नुसती मोजतीये."

साधना तिच्या मागं बसून तिची वेणी घालत होती.