एकवीस सेकंद

दादाने प्रेसच्या पोटातून काढलेला बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. "इंजिनीअर, हा जागा झाला तर आपलं वर्कशॉप चालेल. नाहीतर मी तुझ्याकडे भाजी चिरायला येतो," तो म्हणाला. तो मला नावाने हाक मारतच नाही.

पत्र्याला आकार देणारा तो प्रेस आम्ही जुनाच घेतला होता. बोर्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, आणि त्यावरचा प्रोसेसर असा की नाव काढलं तर आमच्या धंद्यातली माणसंही 'कोण?' म्हणून विचारतात. सुरू होताना बोर्ड एक डिस्क शोधायचा आणि ती डिस्क मेली होती. मी म्हटलं, डिस्क हवीच कशाला? वीज येताच सगळ्यात आधी जी वाचली जाते, त्या फर्मवेअरच्या चिपमध्येच लिनक्सचं कर्नेल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, बसवू. दीड महिना डोकं फोडलं तेव्हा ते जमलं.

प्रेसची एक खोड होती. बोर्ड पूर्ण जागा होईपर्यंत कोणीतरी तेलाचा लिव्हर हाताने दाबून उभं राहायचं, नाहीतर वरचा ठोकळा खाली यायचा. ते काम दादाचं. शेजारी आमचा फिटर, वडिलांच्या वेळचा माणूस, यंत्राचा आवाज ऐकायला. मी लांब वायर ओढून दाराशी लॅपटॉप घेऊन बसले. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. शेवटची ओळ मी स्वतः घातली होती: 'तयार'. ती यायला एकवीस सेकंद लागले.

तेवढ्या वेळात फिटरने दादाला कोपराने ढोसलं. दादाने त्याला ढोसलं. मग पुन्हा, न बोलता, एकमेकांकडे न बघता. 'तयार' आल्यावर दोघे थांबले.

"आलं का गं?" दादाने विचारलं. मला वाटलं, यांची थट्टा चाललीय.

एकवीस सेकंद मला सहन होईनात. आमच्या धंद्याचा हा रोगच आहे. सुरू होण्याचा वेळ जास्त दिसला की हात शिवशिवतात. नको ते भाग कर्नेलमधून उपटून मी दोन दिवसांत वेळ नऊ सेकंदांवर आणला आणि मोठ्या फुशारकीने वीज चालू केली.

फिटरने दादाच्या कानाखाली वाजवली. दादाने एक हात लिव्हरवर ठेवून दुसऱ्याने त्याची मान धरली आणि त्याचं तोंड प्रेसच्या लोखंडी खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दात तुटल्याचा आवाज दारापर्यंत आला. मी किंचाळले. 'तयार' आलं आणि दादाचा हात सुटला.

फिटरने ओठ पुसला आणि बोटांवरचं रक्त पाहिलं. "हे कुठून आलं?"

"अहो काका, दात पडला की तुमचा!" दादा कळवळून म्हणाला आणि स्वतःचा रुमाल त्याच्या तोंडाशी धरला. तो नाटक करत नव्हता. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी भोळी बाई नाही. तेलाची वाफ डोक्यात जात असेल, असं धरून सगळ्या खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघांना बाहेर काढलं, स्वतः लिव्हर धरला आणि वीज चालू केली. नऊ सेकंद गेले. काहीच झालं नाही म्हणून मी सुस्कारा टाकला. मग जिभेवर काहीतरी चामट लागलं. ते थुंकले तेव्हा दिसलं की माझ्या डाव्या मनगटाचा लचका तुटला आहे. जखमेच्या कडेला दातांचे व्रण होते, आणि माझ्या वरच्या दोन दातांमधली फट त्यात स्पष्ट उमटली होती.

शहाण्या माणसाने बोर्ड भट्टीत टाकला असता. मी गणित मांडलं. सुरू होतानाच हे होतं ना? मग इतकं झटपट सुरू करू, की व्हायला वेळच मिळणार नाही. माझ्या धंद्यातल्या कोणालाही हेच सुचलं असतं. दादाला सगळं सांगितलं, मनगट दाखवलं.

"यंत्राला राग येतो होय? मग तुझंच भावंड आहे ते," तो हसला.

आठवडाभर खपून मी वेळ पाऊण सेकंदावर आणला. दादा लिव्हरपाशी. फिटरला पलीकडच्या भिंतीला टेकवून उभं केलं, मधे चांगली पंधरा पावलं. हातातला पाना तेवढा खाली ठेवायला सांगायचं राहिलं.

मी बटण दाबलं.

फिटर भिंतीपाशी नव्हता.

दादा जमिनीवर पडायच्या आधी पडद्यावर 'तयार' आलं होतं.

एकच घाव होता. पाना कानाच्या वर कवटीत रुतला होता. फिटरचा हात त्याच्याच जोराने कोपरातून मोडला होता, हाड बाहेर आलं होतं, दोन्ही पोटऱ्या आतून फाटल्या होत्या. तो गुडघ्यांवर बसून विचारत होता, "दादाला कोणी मारलं? कोणी मारलं सांगा ना!"

दादा वाचला. डावा कान गेला. वहिनीला मी सांगितलं की प्रेसमधून पाना उडाला. ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्याच्या बाकावर मला कळलं. ते जे काही होतं, ते दर वेळी तेवढंच होतं. एकवीस सेकंदांत ढोसण्याइतकं, नऊ सेकंदांत दात पाडण्याइतकं. मी फक्त ते दाबून घट्ट करत गेले होते.

दोन महिन्यांनी दादा डोक्याला पट्टी बांधून वर्कशॉपमध्ये हजर. "तू चालू करून देणार नसशील तर दुसऱ्या कोणाला बोलावतो," म्हणाला. चिपमध्ये अजून तो पाऊण सेकंदच होता. मी घाबरून हो म्हटलं आणि या वेळी उलटं केलं. प्रेस चालवणारा भाग आधीच जागा केला, म्हणजे लिव्हर लगेच सोडता येईल, आणि 'तयार'च्या आधी थांबा घातला, त्या प्रोसेसरला मोजता येईल तेवढा मोठा: चारशे सत्त्याण्णव दिवस. वीज जाऊ नये म्हणून बॅटऱ्या लावल्या. दादाने लिव्हर धरला, मी दाराशी बसले. कोणी कोणाला बोटसुद्धा लावलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

प्रेस उत्तम चालला आहे. फिटर घरी असतो, त्याला पुन्हा यंत्राजवळ येऊ दिलं नाही.

तिसऱ्या महिन्यात दादाचा उजवा हात पूर्ण खाली येईना. डॉक्टर म्हणाले, सांधा आखडलाय. पाचव्या महिन्यात हात कमरेच्या वर होता आणि बोटं मिटली होती. आता आठवा महिना आहे. मूठ छातीपर्यंत आली आहे. तो डाव्या हाताने जेवतो, मला चिडवतो, वहिनीकडून शर्टाची बटणं लावून घेतो. मी खोलीत जिथे बसेन तिकडे ती मूठ वळलेली असते.

मधेच वीज बंद केली तर उरलेलं सगळं कुठे जाईल, हे करून बघायचं धाडस मला झालेलं नाही.

मधे एकदा मी मावशीकडे निघून गेले होते. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. दादाची मूठ हल्ली तिच्याकडेच वळलेली असते, असं ती हसत हसत सांगत होती. मी त्याच दुपारी परत आले.

आज सकाळी तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि वाकून माझ्याकडे पाहिलं.

"झोप नाही का होत तुझी? हल्ली डोळे कसे अर्धे मिटलेले असतात. आणि मान का गं अशी तिरकी धरतेस, कोणी मारायला आल्यासारखी?"

मी आरशात पाहिलं. मान सरळ करायचा प्रयत्न केला. ती झाली नाही.